आज्जांच्या माळ्यावरचे ११ डबे

पत्र आलंय बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातनं. मुलगी २३ वर्षांची, केमिस्ट्रीत बीएस्सी झालेली. नाव छापू नका म्हणाली आहे. तिचं पत्र थोडं कमी करून देते:

"अक्का, आमचे आज्जा आधी टूरिंग टॉकीजवर आणि नंतर बेळगावात थेटरात ऑपरेटर होते. थेटर बंद झालं तेव्हा मालकांनी राहिलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांना रिळांचे ११ डबे दिले, ते तेव्हापासून आमच्या माळ्यावरच आहेत. परवा साफसफाईला खाली काढले तर तीन डब्यांना व्हिनेगरसारखा उग्र वास येतोय. डब्यांवर आज्जांच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत, काही सिनेमे मराठी आहेत, काही कन्नड. बाबा म्हणतात भंगारात घाल, त्यात चांदी असते. काका म्हणतात यूट्यूबवर टाकून पैसे करूया. मला मात्र ते डबे बघितल्यापासून दुसरं काही सुचेना झालंय. पुण्यात सिनेमे जपून ठेवायची सरकारी जागा आहे हे आत्ता कळलं. तेच काम शिकावं वाटतंय, पण घरचे बी.एड. कर म्हणून मागं लागलेत. हे खरंच करिअर असतं का? आणि आमच्यासारख्या धड इकडच्या ना तिकडच्या, मराठी बोलणाऱ्या पण कर्नाटकातल्या मुलीला तिथं कोण घेणार?"

अगं पोरी, तुझं पत्र मी रात्री जेवणं झाल्यावर वाचलं आणि मग मला झोप लागेना. करिअरचं सगळं सांगते, पण आधी डबे. करिअर सहा महिने थांबेल, ते तीन डबे थांबणार नाहीत.

तू केमिस्ट्रीवाली आहेस म्हणून सरळच सांगते. ती फिल्म बहुतेक सेल्युलोज ॲसिटेटची असणार. दमट हवा आणि उष्णता लागली की त्या बेसमधनं, म्हणजे चित्राखालच्या मूळ पट्टीतनं, ॲसिटिक ॲसिड सुटायला लागतं आणि सुटलेलं ॲसिड पुन्हा त्याच रिॲक्शनला वेग देतं, म्हणजे एकदा सुरू झालं की आपलं आपण वाढतच जातं. आमच्या फिल्म जपायच्या कामात याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. हे बरं होत नाही. थंड आणि कोरड्या जागी ठेवून हळू करता येतं, बास. आणि खानापूरचा पाऊस मी तुला काय सांगू, चार महिने कपडे वाळत नाहीत तिथं माळ्यावर, कौलाखाली, उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल, फिल्मला याच्यापेक्षा वाईट जागा नाही. तरी आठ डबे अजून वास न येता टिकलेत हे आज्जांचं नशीब म्हणायचं नाहीतर त्यांनी डबे नीट बंद करून आडवे ठेवले असतील त्याची पुण्याई.

तर आजच्या आज वासाचे तीन आणि बिनवासाचे आठ वेगवेगळ्या खोल्यांत ठेव, कारण ती वाफ शेजारच्या चांगल्या रिळाला पण लागते. खालच्या मजल्यावर मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला चिकटून नाही, जमिनीवर पण नाही, फळीवर आडवे ठेव. उभे ठेवलेस तर रीळ आपल्याच वजनानं वाकडं होतं. डांबराच्या गोळ्या टाकू नको, ओल्या फडक्यानं पुसू नको, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तर अजिबात ठेवू नको. हे शेवटचं मी पोटतिडकीनं सांगते कारण हे मी स्वतः केलंय. या कामात नवीन होते, एका ठिकाणी पावसाळ्यात रिळांना ओल लागू नये म्हणून मी सहा डबे पिशव्यांत सील करून ठेवले, मला वाटलं मी लई काळजी घेतली. दिवाळीत उघडले तर आतली वाफ आतच कोंडून चार रिळं एकमेकाला चिकटून वीट झाली होती. त्यातल्या दोन रिळांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. आज इतकी वर्षं झाली तरी डबा उघडताना मला ती वीट आठवते.

आता एक तपासणी, दिवसा, खिडकीजवळ, घरात गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसताना कर. सुती हातमोजे घाल, तोंडाला मास्क लाव, डबा उघडून पाच मिनिटं बाजूला हो, मग फक्त पहिली दोन-तीन हात फिल्म उलगड आणि कडेला बारीक अक्षरं बघ. 'सेफ्टी' असं लिहिलेलं असेल तर निवांत हो. 'नायट्रेट' लिहिलेलं असेल, किंवा फिल्म तपकिरी, चिकट, भुकटी झालेली असेल, तर डबा परत हलकं झाकण ठेवून घराबाहेरच्या मोकळ्या, सावलीच्या जागी ठेव, पोरांना लांब ठेव आणि लगेच पुण्याला कळव. साधारण १९५० च्या आसपासपर्यंत सिनेमे नायट्रेटवर निघायचे आणि ते पेटलं की पाण्यातसुद्धा जळत राहतं, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशीच आग लागून प्रभातच्या वेळची नायट्रेट रिळं गेली. तुझ्या आज्जांचा काळ बघता तुझ्याकडं नायट्रेट असायची शक्यता कमी आहे, पण जुन्या प्रिंटा जत्रेजत्रेत वर्षानुवर्षं फिरायच्या, म्हणून बघायचंच.

आणि काय वाट्टेल ते झालं तरी कुणाच्या मशीनवर लावून बघू नका. आज्जांचे हात शिवशिवतील, मला माहितेय. पण फिल्म आकसली की तिच्या कडेच्या भोकांमधलं अंतर कमी होतं आणि मशीनच्या दातांचं अंतर तेच राहतं, मग एका फेरीत सगळी कड फाटून येते.

बाबांना सांग, चांदी असते हे खरं आहे, ते काय चुकीचं बोलत नाहीत. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर दिसतं ते चित्र चांदीचंच असतं. रंगीत फिल्ममधली चांदी मात्र धुताना लॅबमध्येच निघून जाते, मागं राहतो तो नुसता रंग. म्हणजे रंगीत डबे भंगारात घालून कुणाला काही मिळायचं नाही, आणि काळे-पांढरे घालून जे मिळेल ते एका दिवसात संपेल. याच चांदीसाठी आपल्या देशातल्या मूकपटांच्या प्रिंटा वितळवल्या गेल्या. १३०० च्या आसपास मूकपट आपण बनवले आणि हातात उरलेत ते अगदी मोजके, त्यातले कित्येक तुकड्यांत. १९३१ चा 'आलम आरा', देशातला पहिला बोलपट, त्याची एक प्रिंट नाही. आपल्या शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढले, त्यांचा १९२५ चा 'सावकारी पाश' आज कुणाला बघायला मिळत नाही. त्यातला कुठला तरी डबा पण कुणाच्या तरी माळ्यावर असेलच की, आणि तिथल्या बाबांनी पण हेच म्हटलं असेल.

काकांना सांग की डबा आपला आहे म्हणजे सिनेमा आपला होत नाही. प्रिंटची मालकी वेगळी, कॉपीराइट वेगळा, आणि आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट तो प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षं चालतो. संग्रहालयात ठेवायला देताना पण हाच फरक आहे, रीळ ठेवायला दिलं म्हणजे निर्मात्याचा हक्क कुणी काढून घेत नाही. देताना कागदावर काय लिहिलंय ते वाचून, सही-शिक्क्याची पोच घेऊनच द्या.

आता तुझा प्रश्न. हो, हे करिअर आहे. खोटं बोलणार नाही, बँकेतल्या नोकरीसारखं नाही. पर्मनंट जागा थोड्या, बऱ्याच जणांचं काम प्रोजेक्टवर, कॉन्ट्रॅक्टवर चालतं, आणि पहिली काही वर्षं बाबांना "पोरगी काय करते" याचं उत्तर देताना जरा जड जाईल. पण काम खरं आहे आणि करणारी माणसं कमी आहेत.

लोकांना वाटतं हे काम म्हणजे एसीत बसून जुने सिनेमे बघणं. मी तुला एक दिवस सांगते. टेबलावर डावीकडं भरलेलं रीळ, उजवीकडं रिकामं, मधे काचेखाली लाइट. उजव्या हातानं हळूहळू हँडल फिरवायचं आणि डाव्या हाताच्या अंगठ्या-बोटातनं फिल्मची कड सरकत जाऊ द्यायची, नजर फ्रेमवर आणि सगळं लक्ष बोटात. फाटलेलं भोक आलं की बोटाला टोचतं, जुना जॉइंट आला की टपकन लागतो. थांबायचं, किती फुटांवर काय आहे ते लिहायचं, जॉइंट सुटला असेल तर नीट करायचा, परत हँडल. १००० फुटांचं रीळ पडद्यावर ११ मिनिटांत संपतं, त्याच एका रिळाला मला टेबलावर अख्खा दिवस लागलाय. त्या दिवशी त्या रिळावर एका ठिकाणी वीस-बावीस फुटांत सात जॉइंट होते, म्हणजे तिथं ते सारखं तुटायचं आणि कुणीतरी ऑपरेटर अंधारात, खाली पब्लिक शिट्ट्या मारत असताना, घाईनं जोडायचा, आणि प्रत्येक वेळी दोन-चार फ्रेम जायच्या. तसल्याच एका माणसाच्या घरचं तू आज सांगतेयस, म्हणून मला झोप आली नाही.

हे झालं तपासणीचं. पुढं कॅटलॉग करणारे असतात, कुठल्या डब्यात काय, कुठल्या सिनेमाचं कितवं रीळ, निगेटिव्ह का प्रिंट, आवाज वेगळा का चित्राबरोबर. मग स्कॅनिंग, मग डिजिटल रिस्टोरेशन, ज्यात एकेक फ्रेम उघडून ओरखडे, धूळ, डाग काढतात, आणि दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० फ्रेम असतात एवढं हिशेबाला धर. आणि स्कॅन केलं म्हणजे सुटलो असं पण नाही, हार्ड डिस्क बंद पडते, फाइलचा फॉरमॅट जुना होतो, दर काही वर्षांनी सगळं नव्या ठिकाणी उतरवत राहावं लागतं. नीट थंडीत ठेवलेली फिल्म त्या डिस्कपेक्षा कितीतरी जास्त जगते, म्हणून स्कॅन झालं तरी मूळ रीळ फेकायचं नाही, कधीच नाही.

आणि शेवटी क्युरेटर, म्हणजे काय जपायचं, कुणाला दाखवायचं, कसं दाखवायचं हे ठरवणारा माणूस. आपल्याकडं हे काम म्हटलं की एकच नाव, पी. के. नायर. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं, नायरसाहेब अगदी सुरुवातीपासून तिथं, पुढं डायरेक्टर झाले, १९९१ मध्ये रिटायर झाले. तोवर १२,००० च्या आसपास सिनेमे गोळा केले होते. फाळक्यांच्या सिनेमांचं जे काही आज आपण बघतो, 'राजा हरिश्चंद्र'चं उरलेलं, 'कालिया मर्दन', ते त्यांच्या शोधाशोधीमुळं. पण मला त्यांची जास्त आवडणारी गोष्ट आपल्या कर्नाटकातलीच आहे. शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू म्हणून खेडं आहे, सुपारीच्या बागांचं, तिथं के. व्ही. सुब्बण्णांची नीनासम ही नाट्यसंस्था. नायरसाहेबांनी संग्रहालयातले जगभरचे सिनेमे त्या खेड्यात नेऊन शेतकऱ्यांना दाखवले आणि माणसांनी ते मन लावून बघितले. जपायचं ते दाखवायला, हे त्यांनी करून दाखवलं. कपाटात बंद ठेवायला तर तुझा माळा पण चालला असता.

शिकायचं कुठं, तर मला विचारशील तर लगेच कर्ज काढून परदेशी जाऊ नको. ॲमस्टरडॅमला, अमेरिकेत रॉचेस्टरला या विषयाचे चांगले कोर्स आहेत, ते नंतर बघू. तुझ्या जागी मी असते तर लायब्ररी सायन्स केलं असतं, धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीत नाहीतर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, दोन्ही तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर. कॅटलॉग करायची शिस्त तिथं लागते आणि घरच्यांना पण धीर येतो, कारण ग्रंथपालाची नोकरी त्यांना समजते. बी.एड.पेक्षा मला तुझ्यासाठी हे बरं वाटतं, कारण तुझ्या पत्रात शिकवायची ओढ एका ओळीत पण दिसली नाही. त्याच्या जोडीला मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून फिल्म जपणुकीचं वर्कशॉप भरवतं, शहर बदलत असतं, साधारण आठवडाभर, परदेशातल्या संग्रहालयांतली माणसं येऊन हातात फिल्म देऊन शिकवतात, तिथं अर्ज कर. त्यात लिही की मी केमिस्ट्रीची आहे आणि माझ्या घरी ११ डबे आहेत. पुण्यातला फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स पण जमला तर कर, सिनेमा बघायचा कसा ते कळल्याशिवाय जपायचा कुठला ते कळत नाही. आणि केमिस्ट्रीला कमी समजू नको हां, या कामात सिनेमावेडी माणसं ढिगानं येतात, ॲसिटेट बेस का कुजतो हे समीकरण लिहून सांगणारी फार थोडी.

आता ते "धड इकडच्या ना तिकडच्या". हे वाचून मला वाईट वाटलं, कारण मी बेळगावच्या शहापुरातली, मी पण हे ऐकत मोठी झाले. म्हणून एक गोष्ट सांगते. पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना', १९३४ चा. त्याचं शूटिंग कुठं झालं? कोल्हापुरात, छत्रपती स्टुडिओत. कन्नड भाषेचा पहिला बोललेला सिनेमा मराठी गावात तयार झाला, आणि आज त्याची एक पण प्रिंट शिल्लक नाही. उद्या समजा कोल्हापूर ते बेळगाव ते धारवाड या पट्ट्यात कुठल्या वाड्यात त्याचं एखादं रीळ निघालं, तर डब्यावरची मराठी चिठ्ठी आणि आतली कन्नड अक्षरं दोन्ही वाचू शकेल असं माणूस लागेल. पुण्यातल्या मुलाला कन्नड येत नाही, बेंगळुरूच्या मुलीला आपल्याकडची मराठी कळत नाही. तुला दोन्ही येतं, वर ऑपरेटरची भाषा घरात. २०२४ मध्ये गिरीश कासारवल्लींचा कन्नड 'घटश्राद्ध' रिस्टोर होऊन व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, आणि त्याच वर्षी हिंदी 'मंथन', जो गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून बनवला होता, तो कानच्या महोत्सवात. कुठली भाषा ते बघून कुणी जपत नाही. जे उरलंय ते जपायचं, मग ते मराठी असो नाहीतर कन्नड.

म्हणून ११ डब्यांची यादी दोन्ही भाषांत कर. शाळेची दोनशे पानी वही घे, एका डब्याला एक पान. डब्याचा नंबर, चिठ्ठीवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, चूक असली तरी न सुधारता, कडेची अक्षरं आणि गोल-चौकोन-त्रिकोण अशा खुणा, कोडॅकच्या फिल्मवर त्या खुणांवरनं फिल्म कुठल्या साली तयार झाली ते काढता येतं. वास आहे का नाही, गंज आहे का, फिल्म लालसर पडलीय का. सगळ्याचे मोबाईलवर फोटो. ते घेऊन पुण्याच्या संग्रहालयाला लिही, लॉ कॉलेज रोडला आहे, २०२२ पासून ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, सामील झालंय तेवढं पत्त्यात लिहायला विसरू नको. उत्तर यायला वेळ लागेल, परत लिही, मग फोन कर, मग जा. नुसतं "आमच्याकडं जुनी रिळं आहेत" असं लिहिलेलं पत्र आणि वहीतली ११ पानं जोडलेलं पत्र यात फरक पडतो, मी त्या टेबलाच्या पलीकडं बसलेय म्हणून सांगते.

डब्यांबरोबर आणखी काय काय आहे बघ हां. आज्जांच्या ट्रंकेत गाण्यांच्या चोपड्या, तिकिटांची अर्धकं, हँडबिलं, थेटरचे डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचे तक्ते, जुन्या स्लाइडी, काय पण असेल ते टाकू नका. कुठला सिनेमा कुठल्या गावात किती आठवडे चालला, जत्रेत तंबूत कुठले लावायचे, मराठी सिनेमाला कुठल्या गावात गर्दी आणि कन्नडला कुठल्या, हे आपल्या भागाचं कुठं लिहून ठेवलेलं नाही, ते त्या कागदांत आहे आणि आज्जांच्या डोक्यात.

ते अजून चांगलं बोलतात म्हणून लिहिलंयस, तर रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बस आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर. मोठे प्रश्न विचारू नको, "तुमचा अनुभव सांगा" असलं काही नको, त्यांना अवघडल्यासारखं होईल. एकेक डबा समोर ठेव आणि चिठ्ठी वाचून दाखव. तू पाठवलेल्या फोटोत डबा नंबर ६ वर लिहिलंय, "भाग ४. सुरुवात गेली आहे. हळू लावणे." ती सुरुवात कुठं गेली, कुठल्या गावात, कुठल्या मशीनवर, ते विचार. कन्नड डब्यांवर पण मराठीतच चिठ्ठी का ते विचार. मधेच जेवायची हाक आली तरी रेकॉर्डिंग बंद करू नको.

मिरग लागायला तीन आठवडे पण राहिले नाहीत. डबे आजच वेगवेगळे ठेव, यादी या आठवड्यात कर, आणि वासाच्या तीन डब्यांच्या कडेचे फोटो मला उद्याच पाठव.

तुझी अक्का